घंटेच्या दोराची गाठ

पनवेलच्या ख्रिस्ती वस्तीत सत्यवतीला तिच्या नावानं हाक मारणारं माणूस शोधावं लागलं असतं. लहानथोर सगळ्यांची ती घंटावाली. किडकिडीत बांधा, पायात कायम घाई, आणि तोंडानं फटकळ. प्रार्थनामंदिर झाडायचं, बाकं पुसायची आणि घंटा वाजवायची ही तिची कामं. खरं म्हणजे ही कामं तिच्या नवऱ्याची, आनंदाची. तो लढाईवर गेला, इस्पितळाच्या तुकडीत नोकर म्हणून, आणि दोर हिच्या हातात आला.

त्या घंटेचे कायदे होते. सकाळी प्रार्थनेचे टोल, रविवारी उपासनेचे लांबलचक टोल, आणि वस्तीत कुणी गेलं तर त्या माणसाचं जेवढं वय तेवढे टोल, एकेक, सावकाश. जुन्या एका पाद्रीसाहेबानं पाडलेली ही रीत. कुणी म्हातारं गेलं की सत्यवतीचे खांदे भरून येत. पण मूल गेलं की घंटा सुरू होते न होते तोच थांबे, आणि ते तिला अजिबात सोसत नसे.

आनंदासाठी मात्र ती घंटा वाजलीच नव्हती. सिंगापूर पडलं तेव्हा सरकारनं कळवलं, बेपत्ता. बेपत्ता माणसाचे टोल कसे देणार? मग दोनेक वर्षांनी कळवलं, मृत समजावा. समजावा म्हणे! कसं समजायचं ते काही त्यांनी कळवलं नाही. तोवर रॉकेल नाही, साखर नाही, मंदिराच्या काचांना ब्लॅकआउटचे काळे कागद लागलेले, पुण्याच्या रस्त्यानं लष्कराच्या लॉऱ्या धडधडत चाललेल्या. त्या गडबडीत टोलांचं राहूनच गेलं. कुणी आठवण केली नाही आणि सत्यवतीनं स्वतःहून दोर ओढला नाही.

घरात ती आणि सासू, चंद्रावतीबाई. सासूचा नवरा पनवेल बंदरातल्या मचव्यावर खलाशी होता, तो समुद्रातच गेला. आता हा एकुलता एक मुलगाही गेल्यातच जमा. बाईंची बोटं संधिवातानं इतकी वाकडी झाली होती की लसणाची पाकळी सोलवत नसे. पोलक्याच्या गुंड्या सून लावून देई. पायांनीही दगा दिलेला, म्हणून मंदिरात जाणं बंद झालं होतं.

आणि अशात दिनानाथ कंपाउंडर आला. आला म्हणजे काय, तो होताच. दवाखान्यात बाटल्यांना कागदाच्या खुणा चिकटवणारा, मान खाली घालून बोलणारा विधुर. सासूच्या गुडघ्यांचं औषध द्यायला यायचा आणि औषध दिल्यावरही बसून राहायचा. वस्तीला कळलं, मग सत्यवतीला कळलं, सगळ्यांत शेवटी त्याला कळलं. त्यानं मागणी घातली तीही कशी? "आईंना सोडून तुम्ही येणार नाही हे मला ठाऊक आहे. मलाही त्या हव्याच आहेत." यावर कोण बाई नाही म्हणेल हो? सासूही नाही म्हणाली नाही. हो मात्र म्हणाली नाही, हे नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं.

ख्रिस्ती लोकांत लग्न ठरलं की लगेच बार उडत नाही. तीन रविवार उपासनेत त्याचा पुकार होतो. पाळकसाहेब दोघांची नावं वाचतात, आणि कुणाला हरकत असेल तर उठून सांगा, म्हणतात. पंचेचाळीस सालच्या जानेवारीत पहिला पुकार झाला. "सत्यवती, प्रभुवासी आनंदा यांची विधवा..." पाळकसाहेबांनी वाचलं आणि सत्यवतीनं मान वर केली. प्रभुवासी! हा शब्द त्याच्यामागे पहिल्यांदाच लागला होता. घरी आल्यावर सासूनं विचारलं, "काय वाचलं?" तिनं होतं तसं सांगितलं. सासूनं हातातला भाताचा घास परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावरून पाणी आणून टाकलं, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि सत्यवती मंदिरात गेली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत काळ्या कागदांमुळे दिवसाही गुहेसारखा अंधार. ती चाचपडत घंटेच्या दोराशी गेली आणि हात लागताच ओरडलीच.

दोराला गाठ होती.

आता कुणी म्हणेल, दोराला गाठ असणारच. पण ही ती गाठ होती. वस्तीतली पोरं दोराला लोंबकळायची, म्हणून आनंदा तो वर ओढून मचव्यावरच्या खलाशांसारखी गाठ मारायचा, दोनदा उलटी फिरवून टोक आत दडवलेली. त्याच्याशिवाय ती कुणाला सुटतही नसे. सत्यवतीनं शिकायचा कितीदा प्रयत्न केला, तिला जमली नाही. तो गेल्यापासून ती दोर नुसता खुंटीला अडकवत असे.

तिनं मागं वळून पाहिलं. मागच्या खिडकीची कडी ढिली आहे, बाहेरून निघते, हे आनंदाला ठाऊक होतं. मग तो आलाय? आला असेल तर घरी का नाही आला? सिंगापूरला सापडलेले काही शिपाई दुसऱ्या बाजूला मिळाले, काही पळाले, पोलीस त्यांच्या मागावर आहेत, असं बाजारात लोक बोलत. लपला असेल. लपून पुकार ऐकला असेल. प्रभुवासी!

ती गाठ तिनं दातांनी, नखांनी सोडवली, आणि त्या सकाळची घंटा इतकी उशिरा वाजली की शेजारणीनं विचारलं, "झोपली होतीस काय गं?"

कुणाला सांगावं? सांगितलं आणि तो खरंच लपलेला असला तर आपणच त्याला धरून दिल्यासारखं. न सांगावं तर नवरा जिवंत असताना दुसऱ्याशी लग्न, म्हणजे देवासमोर पाप आणि सरकारसमोर गुन्हा. पण खरी गोष्ट याहून वाईट होती, आणि ती सत्यवती स्वतःशीच कबूल करत होती. नवरा जिवंत असेल या विचारानं बाई हर्षानं वेडी व्हायला हवी. ती भीतीनं वेडी होत होती. दिनानाथ हवा होता तिला. आनंदाचा चेहरा आठवायला आता डोळे मिटून बसावं लागे. याची तिला इतकी लाज वाटली की प्रार्थनेला शब्द सुचेनात.

दुसरा पुकार झाला. त्यानंतरच्या सकाळी गाठ पुन्हा होती. आणि शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात, जिथं आनंदा प्रवचन चालू असताना बसून भाजलेले चिंचोके खायचा आणि टरफलं खाली टाकून तिच्या शिव्या खायचा, तिथं चिंचोक्यांची टरफलं पडलेली होती. ताजी. सत्यवतीनं वाकून एक उचललं. "अहो," ती अंधाराकडे बघून म्हणाली, "असाल तर समोर या ना. मारा मला, पण समोर या." कुणी आलं नाही. बाहेरून लॉऱ्या गेल्या आणि काचा थरथरल्या.

त्यावर कडी केली गोदूनं. गोदू रोडपालीची, डोक्यावर जवळ्याची पाटी घेऊन वस्तीत फिरणारी. ओसरीवर पाटी टेकवली आणि म्हणाली, "सत्यवते, तुमच्या देवलात कोन रातो गो? सकालचे धुक्यात मी बगला. खाकी कोट, डोक्यावरनं घेतलेला, भिंत धरून धरून चाललेला. लंगडा व्हता काय तो? मी हाक मारली तं वलून पन नाय बगला."

आतून सासूनं विचारलं, "कोण गं?"

"कोणी नाही आत्याबाई, जवळावाली," सत्यवती म्हणाली. जवळा घ्यायचा राहिलाच.

संध्याकाळी दिनानाथ आला. तिचा चेहरा बघून म्हणाला, "जीभ दाखवा."

"जीभ कसली दाखवा! जिभेनं कळतं होय तुम्हांला सगळं?" ती खेकसली, आणि लगेच तिला रडू आलं. मग पदर तोंडाला लावून तिनं विचारलं, "ते परत आले तर?"

दिनानाथ हातातली टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "तर मी त्यांना सलाम करेन आणि घरी जाईन. घरी जाऊन काय करेन ते मात्र विचारू नका." एवढं लांब वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल. तिला वाटलं, याच्यासाठी मरावं. आणि त्याच क्षणी खिडकीबाहेर काही वाजलं तेव्हा ती दचकून उठली. शेळी होती.

तिसऱ्या पुकाराच्या आदल्या दुपारी तिला गोदूचं बोलणं पुन्हा आठवलं. खाकी कोट. आनंदानं शेवटच्या रजेत एक जुना कोट घरी ठेवला होता, तो ट्रंकेत होता. तिनं ट्रंक उघडली. कोट होता, पण घडी तिची नव्हती. बाहीला काथ्याच्या दोराची कुसळं चिकटली होती, आणि खिशात दोन चिंचोके.

कोट हातात घेऊन ती स्वयंपाकघरात आली. सासू पेज पीत बसली होती. लिंबाचं लोणचं, तिच्या जिवाचं लोणचं, ताटलीत तसंच पडलेलं. पेजेत मीठसुद्धा घातलेलं नव्हतं. सत्यवतीनं तिचा हात धरून उलटा केला. बोटांची टोकं सोलून लाल झाली होती.

किती वेळ लागला असेल त्या बोटांना? सत्यवती तळ्यावर पाण्याला गेली की भिंत धरत, पाय ओढत म्हातारी मंदिरापर्यंत जात असणार. खिळ्यावरची किल्ली घेऊन सरळ दारातून. खिडकीबिडकी काही नाही. सत्यवतीला आधी संतापच आला, असा की भांडं उचलून आपटावं. मग तिनं खोबरेल तेलाची वाटी आणली आणि एकेका बोटाला लावायला बसली.

"झोंबतंय," सासू म्हणाली.

"झोंबू दे. आत्याबाई, एकच सांगा. तुम्हांला काही ठाऊक आहे का? ते आलेत का? तुम्हांला भेटलेत का? त्यांनीच सांगितलं का हे?"

म्हातारीनं हात काढून घेतला. "उद्या मला मंदिरात ने. तिथं बोलेन."

आणि त्यापुढे ब्र काढला नाही. सत्यवतीची भीती जी थोडी उतरली होती ती दुप्पट चढली. ही बोलणार म्हणजे हरकत घेणार. हरकत घेणार म्हणजे तिला काही ठाऊक आहे.

रविवारी दिनानाथ आणि तिनं मिळून सासूला धरून नेलं. मंदिर गच्च भरलेलं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि वाचलं. "...प्रभुवासी आनंदा यांची विधवा... हा तिसरा आणि शेवटचा पुकार. कुणाला हरकत असल्यास..."

"मला आहे."

सगळ्या माना वळल्या. चंद्रावतीबाई बाक धरून उभ्या होत्या. दिनानाथचा चेहरा कागदासारखा झाला. सत्यवतीनं डोळे मिटले. आता ही म्हणणार, माझा मुलगा जिवंत आहे.

"चंद्रावतीबाई, काय हरकत आहे?" पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"लग्नाला नाही. दिनानाथ चांगला आहे. पण माझ्या पोराला तुम्ही प्रभुवासी कधी केलंत हो? कोण मेलं तर घंटा वाजते ना या वस्तीत? पीटर गाडीवानाच्या म्हाताऱ्या आईलासुद्धा वाजली. माझ्या पोराला नाही वाजली. नुसतं वाचून संपवलंत." तिचा श्वास लागला. "दोराला गाठ मी मारत होते. त्याला ती मीच शिकवली, बाप गेल्यावर. चिंचोके मीच फोडून टाकले. सुनेला भिववायला नाही. घंटा न वाजता तो मेला म्हणता, तर मग तो नाही मेला. तर मग तो इथं आहे. पंधरवडाभर होता इथं."

 पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. मान खाली घालून म्हणाले, "चूक आमची आहे." आणि त्यांनी दोराकडे हात केला.

सत्यवती उठली. सासूला धरून ती दोराशी गेली. दोर तिनं धरला, वर सासूनं आपले तेलकट हात ठेवले. पहिला टोल पडला.

"हा जन्मला तो. पायाळू होता मेला, मला मरणाच्या दारात नेलं," सासू पुटपुटली.

दुसरा. "चालायला लागला."

"गोवर आला."

"बोलला. उशिरा बोलला, पण काय बोलला!"

असे एकेक. बाप बुडाला ते वर्ष, शाळेतून पळाला ते वर्ष, गाठ जमली ते वर्ष. एका टोलाशी मात्र सासूनं दोरावरचे हात काढून घेतले आणि म्हणाली, "हा तुझा. इथून पुढचे तुझे."

लग्नाचं वर्ष होतं ते. सत्यवतीनं एकटीनं दोर ओढला, आणि बघता बघता आनंदाचा चेहरा डोळे न मिटता समोर आला, टरफलं बाकाखाली ढकलणारा. आता ती मोठ्यानं रडत होती आणि ओढत होती. लढाईवर गेला ते वर्ष. सिंगापूर पडलं ते वर्ष. मग ती थांबली.

पुढं? तो तेव्हाच गेला, की कुठल्या छावणीत आणखी वर्षभर खंगला, कुणाला ठाऊक? थांबावं तर आपल्याच हातानं त्याला तिथं तोडल्यासारखं. द्यावा तर कशाच्या जोरावर? दोर हातात घट्ट धरून तिनं घाबरून सासूकडे पाहिलं.

"दे अजून एक," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "एक जास्तीचा असू दे माझ्या पोराला."

सत्यवतीनं दिला. त्याचा आवाज विरेपर्यंत सगळं मंदिर उभं राहिलं. मग म्हातारीनं तिच्या हातातून दोर घेतला, सोललेल्या बोटांनी दोनदा उलटा फिरवला, टोक आत दडवलं. फार वेळ लागला, पण मदतीला तिनं कुणाला येऊ दिलं नाही. गाठ बसली तेव्हा ती पाळकसाहेबांकडे वळली.

"हं," ती म्हणाली. "आता म्हणा त्याला प्रभुवासी."