बिनफोडणीचं वरण

होळीनंतरच्या सोमवारी, मला पाचवा महिना असताना, काकूंनी मला कांजण्या आलेल्या त्यांच्या नातवाचं अंग पुसायला बसवलं. कांजण्या आहेत हे सांगितलं नाही. "घामोळं आहे," म्हणाल्या.

सिडकोतल्या त्या घरी मी दोन वर्षं स्वयंपाकाला होते. काकूंची सून आदल्या दिवशीच माहेरी, खुलताबादला गेली. तिलाही दिवस गेले होते, चौथा महिना. आजारी मुलगा तिचाच, वय सहा. पोराला टाकून ती का गेली, हे मी विचारलं नाही. स्वयंपाकाच्या बाईनं असं विचारायचं नसतं.

सकाळी काकू म्हणाल्या, "आज वरणाला फोडणी नको."

"जिरं तरी?"

"काहीच नको. तळणही नको."

मग कोमट पाण्याची वाटी आणि फडकं माझ्या हातात दिलं. मी पोराचा सदरा वर केला. पाठभर पाण्याचे फोड. तेव्हा फोडणीचं कळलं. कांजण्यांना आमच्याकडं देवी आल्या म्हणतात आणि देवी घरात असेपर्यंत फोडणी देत नाहीत. मला दिसेल म्हणून काकूंनी दाराला कडुलिंब बांधला नव्हता. फोडणीचा नेम मात्र त्यांच्यानं मोडवला नव्हता.

"काकू, ह्या देवी हायत. मला दिवस गेलेत."

"मग?"

"सूनबाईला तुम्ही म्हणूनच धाडलं ना?"

"तिची प्रकृती नाजूक आहे. तुमच्या लोकांना काय होतंय?"

मी सदरा खाली ओढला. वाटी काकूंच्या हातात दिली.

"नातू तुमचा हाय. तुम्ही पुसा."

तिथून सरळ सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का. झाल्या असतील तर बहुतेक पुन्हा होत नाहीत. नसतील तर बाळाला धोका असू शकतो. मला माहीत नव्हतं. दौलताबादला आईला फोन लावला. ती म्हणाली, "लई जणींच्या लेकरांना आल्या व्हत्या देवी तवा. तुझं आठवत नाय बघ."

तपासायला रक्त दिलं. तीन दिवस पोटात जरा हललं की हातातलं काम थांबायचं.

रिपोर्ट आला. मला लहानपणी होऊन गेल्या होत्या. हे काकूंना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "काही झालं नाही ना तुला? उगाच तमाशा केलास. उद्यापासून ये."

"नाय येणार."

"मग दुसरी बाई बघते."

"बघा. तिला आधी सांगा, घरात काय हाय ते."

पुढच्या महिन्यात दुसरं घर धरलं. उंबऱ्यावरच विचारलं, "घरात कुणाला ताप, पुरळ?" मालकीण नाही म्हणाली. मी ओट्यापाशी गेले. वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. वर मोहरी तरंगत होती. मग पदर खोचला.