पहिल्या पाच ओळी

उस्ता फिक्रीने चव्वेचाळीस वर्षं लाकूड घासलं; मुरलेला कारागीर म्हणून लोक त्याला उस्ता म्हणत. दुम्यात या सुतारांच्या गावातल्या कारखान्यात खुर्चीचा हात गुळगुळीत झाला का, ते बाकीचे बोट फिरवून बघत. फिक्री गाल लावून बघायचा. फळ्यांची गाडी आली की वरच्या चार फळ्या पाहून सही करणाऱ्याला तो कारागीर म्हणत नसे. सगळा ढीग उतरवायचा, एकेक फळी उलटी करून बघायची, मगच आत घ्यायची. या हट्टापायी त्याने दोन मालक सोडले. करवतीत उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तरी हट्ट गेला नाही.

दम लागायला लागला तेव्हा काम सुटलं. घरी बसवेना. साठी उलटल्यावर तो वाचनालयात पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेच्या वर्गात जाऊन बसला. आजूबाजूला सगळे नातवंडांच्या वयाचे. सहा महिन्यांत त्याला मोजक्या गोष्टी यायला लागल्या. मोठ्या तक्त्याची फाइल उघडायची, हव्या त्या ओळी गाळून घ्यायच्या, नावांपुढच्या रिकाम्या जागा छाटायच्या, दुबार ओळी काढून टाकायच्या. उरलेल्या आठ बोटांनी तो हे करायचा, आणि अभिमानाने करायचा.

त्या वर्षी सुतारांच्या संघटनेने छाती तपासायची गाडी बोलावली. शनिवारी येणार, गुरुवारी जाणार. लाकडाची धूळ खाल्लेले लोक गावात हजारोंनी. तपासणी फार तर सहाशेंची. नावं नऊ मोहल्ल्यांच्या वह्यांत होती. संघटनेत टायपिंग करणाऱ्या रदवाने ती एका तक्त्यात उतरवली. नऊ हजार सहाशे चाळीस ओळी झाल्या. एकच माणूस दोन-दोन वह्यांत होता. त्याला बोलावण्याच्या दोन चिठ्ठ्या गेल्या असत्या तर दुसऱ्या कुणाचा नंबर बुडला असता.

"उस्ता, हे तूच साफ कर," संघटनेचे चिटणीस हाजी बयूमी म्हणाले. "लाकूड साफ करत होतास, आता नावं कर."

फिक्रीने केलं. आधी रिकाम्या जागा छाटल्या. मग दुबार नावं. इथे अडचण होती. अरबीत इब्राहीम, अहमद अशी नावं ज्या अलिफ या अक्षराने सुरू होतात, ते अक्षर कुणी कसं लिहितं, कुणी कसं. माणूस एक, पण मशीनला दोन दिसतात. फिक्रीने नियम घातला: बापाचं नाव तेच, जन्मतारीख तीच, गल्ली तीच आणि स्वतःच्या नावात फरक फक्त एका अक्षराचा, तर माणूस एकच. पहिली ओळ ठेव, दुसरी काढ.

तीनशे अठरा ओळी निघाल्या. काढलेल्या ओळी नजरेखालून घालायला एक आज्ञा असते. ती दिली की मशीन वरच्या पाच ओळी दाखवतं. यादी अक्षरानुसार लावलेली, त्यामुळे वर सगळी अलिफची नावं. पाचही खरोखर दुबार होती. फिक्रीने मान हलवली, फाइल बंद केली. मग वय आणि धुळीतल्या कामाची वर्षं बघून सहाशे नावं गाळून काढली आणि रदवाच्या हवाली केली.

शनिवारी गाडी आली. संघटनेबाहेरच्या चहाच्या टपरीवर लोक फिक्रीला "कॉम्प्युटर उस्ता" म्हणून हाका मारायला लागले. त्याला ते आवडलं.

मंगळवारी दुपारी टपरीवर हुसेन आला. अकरा वर्षं समोरच्या बाकावर पॉलिश करणारा हुसेन. हातात मुशब्बकचा पुडा, पाकातली जाळीदार मिठाई, फिक्रीची आवडती. खोकला आवरत तो बसला.

"घे, तुझ्या हुशारीचं तोंड गोड करतो," तो म्हणाला. "एक विचारू? आमच्या हसनला चिठ्ठी आली. मला नाही आली. वहीत नाव देताना माझंच काही चुकलं असेल."

हाजी बयूमी शेजारीच होते. "अरे, तुम्ही जुळे ना? एकाच वेळी जन्मलेले!"

"सात मिनिटांनी धाकटा आहे, हाजी. जन्मभर हसनचं झाल्यावर माझं. आता छातीही त्याच्यानंतरच."

सगळे हसले. फिक्रीही हसला आणि म्हणाला, "टाइप करताना राहिलं असेल."

एवढंच म्हणाला. हाजींनी खिडकीकडे तोंड करून हाक दिली, "रदवा! माणसं गिळतेस का काय तू?"

रदवा खिडकीत आली. "मी एकही नाव गाळलेलं नाही."

"म्हणजे उस्ता खोटं बोलतोय?"

तिने फिक्रीकडे पाहिलं. फिक्री ग्लासातली साखर ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

घरी जाऊन त्याने रदवाची मूळ फाइल उघडली आणि हुसेनला शोधलं. सहा हजार एकशे बाराव्या ओळीत तो होता. बापाचं नाव बरोबर, तारीख बरोबर, गल्लीसुद्धा. मग त्याने काढलेल्या ओळींची फाइल उघडली. हुसेन तिथेही होता.

अरबीत हसन आणि हुसेन यांच्यात एकाच अक्षराचा फरक. गावात जुळे मुलगे झाले की बहुतेक घरांत हीच दोन नावं ठेवतात. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. अकरा वर्षं तो हुसेनच्या तोंडाकडे बघत काम करत होता, आणि त्याच हुसेनला फिक्रीच्याच नियमाने हसनची दुबार नोंद ठरवलं होतं.

घरात कुणी नव्हतं तरी त्याने दाराकडे पाहिलं.

मग तो तीनशे अठरा ओळी एकेक करून वाचायला बसला, मूळ फाइलमधल्या नोंदीशी पडताळत. मुहम्मद आणि महमूद. साद आणि सईद. हसन, हुसेन. पुन्हा हसन, हुसेन. मगरिबची, सूर्यास्ताची बांग झाली तेव्हा तपासणीला पात्र अशी तेवीस जिवंत, वेगळी माणसं निघाली होती. काम एका दुपारचं होतं. आठवड्याभरापूर्वी त्याने ते पाच ओळींत उरकलं होतं.

बुधवारी सकाळी अंगणात रांग लागली होती. फिक्रीने हाजींना सांगायला सुरुवात केली.

"हळू बोल," हाजी म्हणाले. "आत चल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. काल रदवाला बोललात तेव्हा ऐकतच होते." आणि त्याने सांगितलं. तेवीस नावं मी काढली. टायपिंग बरोबर होतं. मी न बघता काढली.

रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "वा रे कॉम्प्युटर!" त्यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

फिक्री रदवाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. "काल मी तुझ्यावर ढकललं."

"मला कालच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते," रदवा म्हणाली आणि फोन त्याच्यापुढे सरकवला. "मी नंबर लावते. सांगायचं तुम्ही."

चिठ्ठी मिळूनही न आलेल्यांच्या जागा गुरुवारी रिकाम्या होत्या. दर फोनवर त्याने तेच वाक्य म्हटलं: "मी फिक्री. तुमचं नाव माझ्याकडून निघालं होतं. उद्या या." दोघांनी फोन उचलला नाही, त्यांच्या घरी तो चालत गेला. चढावर दोनदा थांबला. एकाच्या दाराला कुलूप होतं. साद नावाचा, लेथवर लाकूड कातणारा कारागीर, चार दिवसांपूर्वी मुलीकडे पोर्ट सईदला गेलेला. गाडी पुढच्या वर्षीच येणार होती.

गुरुवारी गाडीच्या डॉक्टरांनी हुसेनच्या छातीचा फोटो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला आणि मन्सूरा शहरातल्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. लगेच जा म्हणाले, अजून उपाय आहे.

हुसेन बाहेर आला तो थेट फिक्रीकडे. "उस्ता, तुझ्यामुळे वेळेत कळलं."

"माझ्यामुळे उशिरा कळलं."

"तेच म्हणतोय मी. कळलं." हुसेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तो मुशब्बक खाल्लास का?"

पुडा घरी तसाच होता, दोरासुद्धा सोडलेला नव्हता. फिक्री म्हणाला, "नाही."

गाडी निघाली. फिक्री फाटकापाशी उभा राहून बघत होता. हातात तेवीस नावांचा कागद. बावीस नावांवर खूण. साद हे नाव त्याने पुन्हा वाचलं, सावकाश, अक्षर न् अक्षर.