पोट बोललं का?

हिंगोलीतली जुनी माणसं अजून म्हणतात, त्या सर्जनसाहेबांचा टाका कच्चा होता. तो कच्चा नव्हता. निजामाच्या काळात मी त्यांच्या वॉर्डात कामाला होतो.

बैलाच्या शिंगानं फाटलेलं आतडं कसं शिवलं तर माणूस जगेल, हाच साहेबांचा ध्यास. ते खाटकाकडून बकऱ्याची आतडी आणत, रेशमानं शिवत आणि आत पाणी भरून कुठं गळतंय का पाहत. खाटीक हसायचा, "डाक्टरसाब, खायाचं सोडून शिवून काहून राहिले?"

ऑपरेशननंतर ते रोग्याच्या पोटाला कान लावून, डोळे मिटून आतड्यांची गुडगुड ऐकू येते का पाहत. मग म्हणत, "पोट अजून बोललं नाही. पाण्याचा थेंब द्यायचा नाही."

डोंगरकडा गावचा एक मेंढपाळ त्यांनी असाच शिवला. दुसऱ्या दिवशी त्याची माय माझ्या पाया पडली. "लेकरू तान्हेलंच जाईल रे, बाबा. घोटभर पाज." मरणाऱ्याला पाणी नाकारणं मला जमलं नाही. त्यानं तांब्या रिकामा केला. संध्याकाळी पोट फुगलं आणि पहाटे तो गेला.

"पाणी दिलं होतं का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई, साहेब."

"मग माझाच टाका सुटला."

त्यानंतर ते खाटकाकडे गेले नाहीत. शिंग लागलेल्या माणसांना बैलगाडीनं नांदेडला पाठवू लागले. बहुतेक जण वाटेतच संपत. गाडी निघताना मी पाण्याचा तांब्या आत ठेवायचो. साहेब बघत उभे असत, पण मला अडवत नसत.