धूर थांबला की आई येणार

केजकडच्या आमच्या निवासी कर्णबधिर शाळेत मी अठरा वर्षं शिकवतेय. सहनशक्ती संपत आली, किस्से काही संपत नाहीत! मैत्रिणी म्हणतात, "एखादा सांग ना." एखाद्यावर कसं भागणार? डोकं तडकलं की एकामागून एक बाहेर पडतात.

*

दुष्काळी साल. तपासणीला आलेल्या साहेबांना म्हटलं, "पोरं जेवण टाकतात, भिंतीवर डोकं आपटतात. कुणी मनाचा डॉक्टर पाठवा."

साहेब शेव खात म्हणाले, "ऐकूच येत न्हाई, तर टेन्शन कशाचं बाई यांना? आपल्यापेक्षा सुखी हायेत!"

वाटलं, कानात बोळे घालून ह्यांना एक दिवस ह्यांच्याच घरात बसवावं.

*

आमच्या संस्थेचे चेअरमन म्हणजे समोरच्या सहकारी साखर कारखान्याचेही चेअरमन. त्यांच्या वाढदिवसाला कानाची मशीनं वाटली. ओठांवरून ओळखायचा पहिला शब्द मी पोरांना शिकवते 'नमस्कार', कारण पाहुणे फार येतात. पोरांनी नमस्कार केला, फोटो झाले. मशीनमध्ये सेलच नव्हते!

मी पीएला विचारलं. तो म्हणाला, "फोटोत सेल दिसत्यात का मॅडम?"

*

नऊ वर्षांची शीतल, युसूफ वडगाव या गावाकडची. आईबाप ऊसतोडीला कोल्हापूरकडे निघाले, तेव्हा तिला झोपेतच वसतिगृहात ठेवून गेले. मी फोनवर बापाला झापलं, "तिला सांगून का नाही गेलात?"

"कसं सांगावं बाई? तिच्या खुणा आमाला येत न्हाईत. लई रडली आसती."

शीतलला वाटलं, आपल्याला टाकून दिलं. ती जेवेना. बसल्या जागी स्वतःचे केस उपटायची. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "हट्टी हाय पोरगी."

*

शेवटी एक समुपदेशक आले. तोंडाला मास्क लावून! "बाळ, मनातलं बोल," म्हणाले. शीतल मास्ककडे बघत बसली. निघताना कागदावर लिहिलं, 'मूल सहकार्य करत नाही.'

तो कागद मी त्यांच्यादेखत फाडला. नोकरी गेली तर गेली, म्हटलं.

*

मग मीच शीतलला खुणांनी सांगितलं. समोर कारखान्याची चिमणी दिसते ना? धूर आहे तोवर आई ऊस तोडतेय. धूर थांबला की आई येणार. त्या दिवशी पोरगी दोन भाकरी जेवली. रोज उठल्यावर आधी धूर बघायची.

पण पाण्यावाचून ऊस वाळला आणि आमचा कारखाना महिनाभरातच बंद पडला. शीतल पेटी भरून फाटकात जाऊन बसली. तिची आई तिकडे कोल्हापूरकडे, दुसऱ्याच कारखान्याच्या ऊसफडात! एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही, याचा संताप अजून जात नाही. मी समजवायला गेले की ती डोळे मिटून घ्यायची. तिनं डोळे मिटले की माझं बोलणं संपलं.

*

पाचव्या दिवशी चेअरमनची गाडी फाटकात थांबली. ते उतरले तशी शीतलनं त्यांची बाही धरली. बोट चिमणीकडे. मग 'आई'ची खूण. मग 'खोटं! खोटं!'

"काय म्हन्ती ही पोरगी?" चेअरमननी मला विचारलं.

मी म्हटलं, "नमस्कार म्हणतेय, साहेब."

शीतल माझ्या ओठांकडे बघत होती.