गळ्यातलं दंडाला

त्या सकाळी सेलूहून चुलतभावाचा फोन आला. "बाबा गेले गं. रात्री जेवले, झोपले, उठलेच न्हाईत." खरं सांगायचं तर मला आधी हायसंच वाटलं, रडू नंतर आलं. खाटेवर पडून राहायचं, कुणी चमच्यानं भरवायचं, या एकाच गोष्टीची काकांना धास्ती होती. लोखंडी सामानाच्या आमच्या दुकानात कडी-कोयंडे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते ऐकवायचे, "माणसानं चालताबोलता जावं." त्यांच्या मनासारखं झालं. आता महिना होऊन गेला, तरी तो सुटकेचा श्वास काही खोटा वाटत नाही.

वडील लवकर गेले म्हणून मी काका-काकूंकडेच वाढले. धातू अभियांत्रिकीत एम. टेक. करायचं ठरवलं तेव्हा भावकीतल्या कुणालाच तो विषय कळला नाही. काकांनी दुकानात बसून सगळ्यांना समजावलं, "लोखंड तापल्यावर त्याच्या आत काय व्हतंय, ते शिकायलीय पोरगी." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बरूबर सांगितलं ना?"

लांबच्या शहरात गेले, वसतिगृहात राहिले, वर्ग सुरू झाले. पहिल्याच सत्रात भट्टीवरच्या कामाची प्रयोगशाळा होती. ती सक्तीची, ती पास झाल्याशिवाय पुढच्या वर्षी प्रबंधाला हात लावता येत नव्हता. आणि तिच्या दारावर नियम लावलेला: गळ्यात काहीही लोंबतं नको, धातूचं तर नकोच. बाकीच्या मुलींनी साखळ्या काढून कप्प्यात ठेवल्या. माझ्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. आम्ही लिंगायत. लहानपणी एकदा गळ्यात आलं की ते अंघोळीलाही उतरत नाही, मरेपर्यंत अंगावरच असतं. भट्टी ज्यांच्या ताब्यात, त्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, पण म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखाच. ठरवून सांग मला." मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "उद्या सांगतो." तो उद्या आला आणि गेला, फोन मात्र आला नाही. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. काकांना दुखवून मला ती पदवी नको होती, आणि पदवी सोडून काकांसमोर जायचंही धाडस नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी काका वसतिगृहाच्या फाटकाशी उभे! हातात पिशवी, अंगात नेहमीचा लांब बाह्यांचा पांढरा सदरा. "वालूरला जाऊन आलो," बसायच्या आधीच सांगायला लागले. "तिथल्या स्वामींना इचारलं. ते म्हणले, अंगावर असलं म्हंजे झालं, गळाच पायजे असं कुठं हाय? जुनी मानसं दंडाला बांधायचीच की." पिशवीतून त्यांनी काकूनं शिवलेली मांजरपाटाची पट्टी काढली, मधे लिंगापुरता लहानसा कप्पा असलेली. मग आम्ही दोघं प्रयोगशाळेत गेलो. काकांनी मॅडमना हात जोडले. "दंडाला, बाहीच्या आत, घट्ट. चांदीची डबी मी संगं नेतो. चालंल का? चालत नसंल तर तसं सांगा बाई, तुमच्यावर राग न्हाई. पोरीला घेऊन जातो." मॅडमनी पट्टी ओढून पाहिली, गाठ पाहिली. "चालेल," त्या म्हणाल्या.

मी काकांकडे पाहिलं तर त्यांचं लक्ष भट्टीकडे. कुणीतरी चिमट्यानं लालभडक तुकडा बाहेर काढत होतं. "आयला," काका म्हणाले, "आपल्या दुकानातला एक बी खिळा कधी बोलला न्हाई, का मी असल्यातून आलोय म्हणून."

त्यानंतरची दोन वर्षं त्यांचा फोनवर एकच प्रश्न असायचा, "आता काय राह्यलं?" मी सांगायची, विषय संपले, सेमिनार राहिलंय, सेमिनार झालं, प्रबंध राहिलाय, प्रबंध दिला, तोंडी परीक्षा राहिलीय. ते वैतागायचे. "म्हंजे आधी लिवून दावायचं, मंग करून दावायचं, आन् वर पुन्हा बोलून दावायचं! एवढं तर सोयरिकीत बी बघत न्हाईत गं." तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी मीच फोन करून सांगितलं, "काही राहिलं नाही, काका." ते म्हणाले, "मंग डबी घेऊन जा आता." मी सेलूला जाऊन डबी आणली आणि लिंग पुन्हा गळ्यात घातलं.

काका गेले त्या दिवशी मी सेलूला पोचले तेव्हा त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. आमच्यात माणसाला बसवूनच मातीत ठेवतात आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर देतात. स्वामींनी काकांच्या गळ्याशी हात नेला आणि थांबले. गळा रिकामा होता. चुलतभाऊ पांढराफटक पडला, कुणी अंथरूण झटकायला धावलं. जन्मभर जपलेलं शेवटच्या रात्री कुठं पडलं असेल म्हणून मी उशी उचलून पाहिली. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली काकू बोलली, "गळ्यात न्हाई. दंडाला बघा."

सदऱ्याची बाही वर केली. तशीच मांजरपाटाची पट्टी, आत लिंग. "तुझ्या भट्टीपायी," काकू मला म्हणाली. "तुला पट्टी शिवली तवाच मला म्हणले, मला बी एक शिव. पोरीनं एकटीनंच का म्हणून येगळं ऱ्हायचं? तुझी डिग्री झाल्यावर म्हणलं, सोडा की आता. तर म्हणले, ऱ्हाऊ दे, सवय झाली."

लिंग त्यांच्या तळहातावर गेलं. पट्टी काकूनं माझ्या हातात दिली. मी आता कारखान्यात भट्टीवरच काम करते. कामावर निघताना डबी घरी ठेवते आणि लिंग काकांच्या पट्टीत घालून दंडाला बांधते. गाठ एका हातानं नीट बसत नाही, दातांनी ओढावी लागते. बसली की बाही खाली करते आणि भट्टीपुढं जाऊन उभी राहते. काही राहिलं नाही, काका.