उजव्या कडेची मुलगी

छापखान्यात त्यांना सगळे कॅमेरावाले म्हणायचे. जिवंत माणसाचा एकही फोटो त्यांनी उभ्या आयुष्यात काढला नव्हता, तरीही. त्यांचा कॅमेरा खोलीएवढा. त्याच्यापुढे चित्रकाराचं मूळ चित्र लावायचं, फिल्म काढायची, की पुस्तक छापायला मोकळं. मूळ चित्रं कुणी न्यायला आलं नाही तर रद्दीत जायची. कॅमेरावाल्यांना ते बघवेना. साहेबांना विचारून त्यांनी अकरा चित्रं घरी आणली, स्वतःच्या हाताने फ्रेम केली आणि निवृत्तीनंतर त्यांच्याच सोबतीने राहू लागले. लग्न राहून गेलं ते गेलंच. बहीण महिन्या-दोन महिन्यांनी यायची आणि वैतागायची, "दादा, या कागदांपेक्षा एखादं मांजर पाळ. निदान मांडीवर तरी बसेल."

दहा चित्रं बाहेरच्या खोलीत होती. अकरावं आत, पलंगासमोर.

त्यात बाजाराची गर्दी होती आणि उजव्या कडेला, पायरीवर, सात-आठ वर्षांची एक मुलगी बुटातला खडा झटकत बसली होती. छापलेल्या पुस्तकात ही मुलगी नाही. कॅमेरावाल्यांनीच तिला कापलं होतं.

झालं होतं असं: त्यांची फिल्म फिकट निळा रंग पकडत नसे, म्हणून चित्रकार सूचना निळ्या पेन्सिलीने लिहीत. या चित्रावरही लिहिलं होतं, 'हे चित्र इतरांपेक्षा रुंद आहे.' पण त्या पुस्तकाची आधीची वीस चित्रं एकाच मापाची निघाली होती. हात सवयीने चालला. न वाचताच त्यांनी जादा कड काळ्या कागदाने झाकली आणि तेवढा भाग फिल्मवर आलाच नाही. पुस्तकं बांधून झाली तेव्हा चूक लक्षात आली. चित्रकार येऊन एक प्रत घेऊन गेला, तोंडातून ब्र काढला नाही. कॅमेरावाल्यांनीही काढला नाही. त्यालाही आता तेहेतीस वर्षं झाली होती. आधी ते त्या मुलीकडे ओशाळून बघायचे. मग नुसतेच बघायचे. अलीकडे तर बाजारात जाताना "आलोच गं" म्हणून निघायचे. घरात दुसरं होतं कोण!

आणि एक दिवस त्या चित्रकाराच्या लेकीचा फोन आला. वडील गेले, त्यांची चित्रं गोळा करतेय, असं ती म्हणाली. तुमच्याकडे एखादं आहे का? नाही म्हणणं सोपं होतं. "या," ते म्हणाले.

चाळिशीची बाई. दहाही चित्रं तिने पाहिली. एकही तिच्या वडिलांचं नव्हतं. चहा घेता घेता म्हणाली, "बाबांनी एकदा मला पुस्तकात काढलं होतं, काका. म्हणजे, तसं म्हणाले होते. मी वर्गात सगळ्यांना सांगून बसले. पुस्तक आलं, पान उघडलं, तर मी नव्हतेच! पोरींनी वर्षभर चिडवलं. बाबा म्हणाले, विसरलो गं काढायला. त्यानंतर त्यांच्या कुठल्याच शब्दावर माझा विश्वास बसला नाही. वेडेपणाच, पण नाही बसला."

कॅमेरावाले उठले. आतल्या खोलीतून चित्र आणून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने पायरीवरच्या मुलीच्या पायांवर बोट ठेवलं. "हे माझेच बूट," एवढंच म्हणाली. मग तिला कडेची निळी अक्षरं दिसली. "मग हे कापलं कुणी?"

"मी."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनी लिहून दिलं होतं. मी वाचलं नाही."

"मग ते मला खोटं का बोलले?"

"तुम्ही ते वर्गात सांगितलं असतं आणि माझं नाव पुढे आलं असतं, तर साहेबांनी मला काढून टाकलं असतं. ते त्यांना ठाऊक होतं."

तिने डोळे पुसले. चित्र नेऊ का, असं तिने विचारलं नाही आणि त्यांनीही तिला विचारू दिलं नाही. जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळी बांधून, जिन्यापर्यंत स्वतः नेऊन दिलं. दोन पायऱ्या उतरून ती थांबली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"काका, आमचं घर कुठे होतं माहीत होतं तुम्हाला?"

"हो. पुलापलीकडे. चालत वीस मिनिटं."

ती खाली उतरून गेली. तेहेतीस वर्षांत ती वीस मिनिटं चालून जाणं त्यांना एकदाही जमलं नव्हतं.