मजूर नाक्यावरची माझी ओपीडी

मी एमबीबीएसनंतरच्या सरकारी बाँडवर नाशिकच्या एका वस्तीतल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. दवाखाना सकाळी नऊला उघडतो. हरसूल, पेठकडून मजुरीला आलेली वस्तीतली माणसं तोपर्यंत कामावर पोचलेली असतात आणि परततात ती आम्ही कुलूप लावल्यावर. थोडक्यात, आमचं दार सगळ्यांना उघडं असतं, फक्त सगळे बाहेर गेल्यावर. मग माझ्या वाट्याला गुडघे दुखणारे आजोबा येतात आणि एक निवृत्त काका. ते बी.पी. तपासून घेता घेता माझं मराठी तपासतात.

एका मीटिंगमध्ये मी, कधी नव्हे ते, तोंड उघडलं. म्हटलं, पेशंट येत नसतील तर आपणच सकाळी मजूर नाक्यावर जाऊया. अर्थात हे मी इंग्रजीत म्हटलं. माझं धाडस इंग्रजी माध्यमातलं आहे, मराठीत ते नापास होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. शाळेत असं बोलल्यावर बक्षीस मिळायचं, इथे ड्यूटी मिळाली.

नाक्यावर जायच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यातल्या सिस्टरांना माझं वाक्य म्हणून दाखवलं, "नमस्कार, मी आरोग्य केंद्रातून आले आहे. आपल्यापैकी कोणाला तपासणीसाठी यायचं आहे का?"

"छान आहे मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "बातम्यांत शोभेल."

ठरलं असं की सिस्टर बी.पी.चं मशीन घेऊन रिक्षाने येतील आणि मी स्कूटरने. उशीर होईल या भीतीने मी नेहमीच फार लवकर पोचते, तशी पोचले. पेठ रोडच्या कडेला बायका-माणसं डबे घेऊन उभी होती. मी स्कूटर थांबवली. हेल्मेट काढलं नाही, कारण आत सुरक्षित वाटत होतं.

नाक्यावर गाडी थांबते ती एकाच कारणासाठी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. क्षणात बायकांनी मला घेरलं.

"काय काम हाय ताई? घरातलं का बागंतलं?"

"किती बाया लागतील?"

"रंगकाम झालंय का? आमी डाग काढतो."

माझ्या पाठ केलेल्या वाक्याचं शेपूट तेवढं बाहेर आलं, "कोणाला यायचं आहे का?"

नाक्याचा एक कायदा आहे, तोही मला तेव्हाच कळला. जी आधी गाडीवर बसेल, काम तिचं. माझ्या मागे स्कूटर दबली. वळून पाहिलं तर एक माझ्याच वयाची बाई मागे बसली होती. पोट चांगलंच पुढे आलेलं. मांडीवर डबा.

"बसली बघा पोटासकट," कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला. "तिला नेत नव्हतं कोणी. आज गवसली एक भोळी."

मी हेल्मेट काढून म्हटलं, "अहो, मी डॉक्टर आहे."

"असू दे की," एक म्हातारी म्हणाली. "डॉक्टरच्या घरी फरशी नसती का?"

मी नेहमीसारखी मान खाली घातली. या सवयीचा तेवढा एकदाच उपयोग झाला. मला मागे बसलेल्या बाईचे पाय दिसले. घोटे सुजून दिसेनासे झाले होते, चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

"ताई, डोकं दुखतं का?"

"कालपासनं. उन्हानं." मग जरा थांबून, "डोळ्यांम्होरं काजवे येतात. कामाला काय नाय होत पण."

मी सिस्टरांना फोन करून मशीनसकट परत फिरवलं आणि तिला दवाखान्यात नेलं. वाटेत ती विचारत होती, घर कितव्या मजल्यावर आहे, पाणी वर चढवावं लागेल का. मी नुसती "हं" म्हणत होते.

तिचं बी.पी. पाहून सिस्टरांनी ते पुन्हा मोजलं. मग अँब्युलन्सला फोन लावला आणि मला म्हणाल्या, "सिव्हिल हॉस्पिटल. आत्ता."

"आणि काम?" बाईने विचारलं.

"काम नाहीये ताई."

"मंग गाडीवर कशाला घेतली? आता नाक्यावर कोण ऱ्हायलं असंल?" ती डबा घेऊन उठली.

तिला आकडी येऊ शकत होती. बांधकामाच्या जिन्यावर, विटा डोक्यावर असताना. ती आणि बाळ, दोघंही जाऊ शकत होती. हे मी तिला समजावलं. म्हणजे 'रक्तदाब', 'गुंतागुंत' आणि 'संदर्भसेवा' हे तिन्ही शब्द वापरून एक व्याख्यान दिलं. तिने ते भिंतीकडे बघत ऐकलं.

"माझं नाव गावच्या आशाताईच्या वहीत हाय," ती म्हणाली. "बाळंतपण होळीनंतर, आईकडं. मागं हितं एका दवाखान्यात गेलते, तर म्हनले तुझ्या गावाला जा. आता तुमी म्हनता सिव्हिलला जा. नवऱ्याला काय सांगू?"

"मी सांगते."

हे बोलून गेल्यावर कळलं की अनोळखी माणसाला फोन करायचाय. मी जेवणसुद्धा अ‍ॅपवरून मागवते, कारण अ‍ॅप "कोण बोलतंय?" असं विचारत नाही. नवऱ्याने पहिल्याच झटक्याला तेच विचारलं. मागे काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता.

"मी डॉक्टर. तुमची बायको इथे आहे. तिच्या जिवाला धोका आहे, लगेच सिव्हिलला न्यायचंय. तुम्ही तिकडे या."

मिक्सरचा आवाज लांब गेला. "ती घाबरली का?"

"नाही," मी म्हटलं. "मी घाबरलेय."

"तिला द्या फोन."

तिने माझ्याकडे निरखून बघत फोन कानाला लावला. "हां. तीच बोलली, डॉक्टर. पोरगीच हाय. माझ्यापरीस तीच घाबरलीय. नाय, खोटं नाय बोलत. खोटं बोलायला बी दम लागतो."

मग फोन मला दिला आणि पुन्हा बसली. "चला कुठं जायचं तिथं."

दुपारी तिचा नवरा सिव्हिलच्या वॉर्डात आला, पापण्यांवर सिमेंट. तोवर तिला इंजेक्शनं सुरू झाली होती आणि बी.पी. उतरायला लागलं होतं. बाळाचे ठोके नीट होते. बाळंतपण होळीपर्यंत थांबणार नाही असं तिथल्या डॉक्टर मॅडमनी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. मी पलंगाच्या पायाशी उभी होते, काहीही कारण नसताना.

ती झोपेत असल्यासारखी काहीतरी पुटपुटली. त्याने वाकून ऐकलं आणि तो माझ्याकडे आला.

"ताई, तुमी घरी जा आता," तो हळूच म्हणाला. "ती म्हनती, तुमचं तोंड बघून भ्या वाटतं."